झुरळ, ढेकूण, डास मारणे पाप आहे का? कॅथलिक कुटुंबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातले डास, झुरळे, ढेकूण मारले तर पाप लागते का?

नाही. घरातल्या माणसांचे आरोग्य, अन्न आणि झोप सांभाळण्यासाठी उपद्रवी कीटक मारणे ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीनुसार पाप नाही. तान्ह्या बाळाच्या पाळण्याभोवती डास घोंगावत असताना आईवडिलांनी काहीच न करणे, हीच उलट कर्तव्यात कसूर ठरेल. पाप शिरण्याच्या जागा वेगळ्या आहेत: गरज नसताना मारणे, छळून मारण्यात मजा घेणे, आणि कीटक मारण्याच्या नादात शेजाऱ्याच्या किंवा कामगाराच्या जिवाशी खेळणे. तिसऱ्या जागेकडे आपले सर्वांत कमी लक्ष असते, म्हणून खाली तिच्यावर जास्त लिहिले आहे.

पण पाचवी आज्ञा तर ‘खून करू नको’ अशी आहे ना?

आहे, आणि मराठी बायबलातला ‘खून’ हा शब्द नेमका आहे. मूळ हिब्रू क्रियापद माणसाने माणसाची अन्यायाने केलेली हत्या दाखवते. बकरा कापणे किंवा माशी मारणे यासाठी तो शब्द वापरत नाहीत. संत ऑगस्टीन यांनी ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या पहिल्याच भागात (प्रकरण २०) हा प्रश्न घेतला आहे. त्या काळी मानी नावाच्या धर्मगुरूच्या पंथाचे लोक ही आज्ञा झाडाझुडपांना आणि प्राण्यांनाही लागू करत. ऑगस्टीन म्हणतात, ती माणसाला उद्देशून आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात हेच मांडले: वनस्पती प्राण्यांच्या आणि प्राणी माणसाच्या उपयोगासाठी आहेत, त्यामुळे त्यांना मारणे मुळात निषिद्ध नाही.

म्हणजे किड्यांशी कसेही वागायला मोकळीक?

तसेही नाही. १९९२ साली जाहीर झालेल्या कॅटेकिझममध्ये, म्हणजे ख्रिस्तसभेच्या अधिकृत शिकवणुकीच्या ग्रंथात, परिच्छेद २४१५ ते २४१८ प्राण्यांविषयी आहेत आणि ते ‘चोरी करू नको’ या सातव्या आज्ञेखाली येतात. सृष्टी मुळात देवाची. तिची नासाडी करणे म्हणजे परक्याच्या मालाची नासाडी. प्राणी केवळ असण्यानेच देवाचा गौरव करतात, असे २४१६ सांगतो. प्राण्यांना विनाकारण यातना देणे किंवा मारणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असे २४१८ सांगतो. सगळा भार ‘विनाकारण’ या शब्दावर आहे. ओट्यावर फिरणारे झुरळ अन्न दूषित करते, म्हणजे कारण आहे. कुंडीतल्या पानावर बसलेला नाकतोडा कोणाचे काही बिघडवत नाही, तिथे कारण नाही. खिडकी उघडा, तो जाईल.

पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकातला परिच्छेद ३४ वाचण्यासारखा आहे. सृष्टीचा गाडा चालायला बुरशी, शेवाळ, गांडुळे आणि कीटकही लागतात, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. बायबलातल्या उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात माणसाला बागेत ठेवले ते तिची मशागत आणि राखण करायला. राखणदार तण उपटतो, पण बाग जाळत नाही.

संत फ्रान्सिस रस्त्यावरचे किडे उचलून बाजूला ठेवायचे. मग आपण चप्पल कशी उगारायची?

ही गोष्ट खरी आहे. त्यांचे पहिले चरित्रकार चेलानोचे थॉमस लिहितात की वाटेवरचा किडा तुडवला जाऊ नये म्हणून फ्रान्सिस तो उचलून कडेला ठेवत, आणि हिवाळ्यात मधमाश्या मरू नयेत म्हणून त्यांना मध नि उत्तम द्राक्षारस ठेवायला सांगत. संत रॉबर्ट बेलार्मिन अंगावरच्या चावऱ्या किड्यांनाही हाकलत नसत, असे सांगतात. आपल्याला दुःखाचा मोबदला स्वर्गात आहे, या बिचाऱ्यांना मात्र एवढेच आयुष्य आहे, असा त्यांचा विचार होता.

पण या गोष्टी नीट वाचाव्यात. त्या संतांनी स्वतःच्या अंगावर घेतलेल्या तपश्चर्येच्या आहेत. स्वतःला डास चावू देणे हा तुमचा त्याग असू शकतो. तुमच्या मुलाला चावू देणे हा त्याग नव्हे. डेंगी त्याला होतो.

याहून बोलकी गोष्ट अलेक्झांड्रियाच्या संत मकारियुसची आहे. पायाला चावलेले चिलट त्यांनी चिरडले, आणि आपण ते सुडापोटी केले हे लगेच त्यांच्या लक्षात आले. मग ते सहा महिने इजिप्तमधल्या स्केतीसच्या दलदलीत उघड्या अंगाने डासांत बसले. परतले तेव्हा लोकांनी त्यांना फक्त आवाजावरून ओळखले. त्यांना चिलट मेल्याचे दुःख नव्हते. आपल्या हातात राग उतरला, याचे होते.

कीटकांना आत्मा असतो का? त्यांना दुखते का?

अक्वायनस यांच्या मांडणीत प्राण्यांना संवेदनशील आत्मा असतो, पण तो देहाबरोबर संपतो. माणसाचा तेवढा अमर. कीटकांना वेदना किती जाणवतात हा विज्ञानाचा प्रश्न आहे आणि त्यावर अभ्यास चालू आहे. ख्रिस्तसभेने त्यावर सिद्धान्त मांडलेला नाही. व्यवहारात एवढे पाळा: मारायचेच तर एका फटक्यात मारा. अर्धवट चिरडलेले झुरळ पाय हलवत पडू देऊ नका, पुन्हा एक फटका मारून संपवा.

डासांच्या बाबतीत नेमके काय करावे?

मुंबईत दोन डास ओळखून ठेवा. डेंगी पसरवणारा एडिस इजिप्ती दिवसा चावतो आणि घरातल्या स्वच्छ, साचलेल्या थोड्याशा पाण्यात वाढतो. मलेरियाचा अ‍ॅनोफिलिस स्टिफेन्सी गच्चीवरच्या टाक्या, विहिरी आणि बांधकामावरचे पाणी धरतो. अंड्यापासून उडणाऱ्या डासापर्यंत साधारण ७ ते १० दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’, म्हणजे साचलेले सगळे पाणी ओतून भांडी कोरडी करण्याचा दिवस, पाळायचा असतो.

बहुतेक घरांत चूक इथे होते: पिंप रिकामे करतात, पण घासत नाहीत. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, पिंपाच्या आतल्या भिंतीला चिकटलेली असतात. काळ्या मिरपुडीपेक्षा बारीक ठिपके दिसतात. ती कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात आणि पुन्हा पाणी भरले की फुटतात. काथ्याने किंवा ताठ ब्रशने आतली भिंत घासा, पाणी ओता, तासभर उन्हात उपडे ठेवा, मगच भरा. फ्रिजच्या मागचा ट्रे, एसीच्या नळीखालची बादली, कुंडीखालची बशी, मनी प्लांटची बाटली, पावसाळ्यात छपरावर टाकलेल्या ताडपत्रीच्या घड्या: हे सगळे दर आठवड्याला बघायचे. सोसायटीच्या टाकीचे झाकण घट्ट बसणारे हवे, हवेच्या नळीला जाळी हवी आणि तपासायला शिडी हवी. महापालिकेचा कीटकनाशक विभाग नेमके हेच तपासतो, आणि अळ्या सापडल्या तर नोटीस येते.

नैतिक दृष्टीनेही हा मार्ग सर्वांत चांगला आहे. जो डास जन्मलाच नाही त्याला मारावे लागत नाही, आणि विषही फवारावे लागत नाही. न उपसता येणाऱ्या विहिरीत किंवा हौदात डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडावेत.

कॉइल बंद खोलीत रात्रभर जाळू नका. तिचा धूर मुलांच्या छातीत जातो. मच्छरदाणी खोचून लावा. डेंगीसाठी ती मुलांच्या दुपारच्या झोपेलाही लागते.

चर्चमध्ये आणि सिमेटरीत डास होतात. तिथे औषध मारणे योग्य आहे का?

योग्य आहे, पण आधी पाणी बघा. दारातल्या आशीर्वादित पाण्याच्या पात्रात बारीक अळ्या वळवळताना दिसणे नवीन नाही. दर आठवड्याला पाणी बदलावे, पात्र घासावे आणि पुसून कोरडे करावे. हे पाणी गटारात ओतत नाहीत. ते सॅक्रेरियममध्ये (चर्चमधल्या, थेट जमिनीत निचरा होणाऱ्या खास कुंडीत) किंवा बागेतल्या मातीत जिरवावे. पाणी आशीर्वादित असले तरी डास अंडी घालायचे थांबत नाही, तेव्हा ते जपून ठेवणे ही भक्ती नव्हे.

सिमेटरीत फुलदाण्या हीच मोठी अडचण. २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, कबरीवर फुले ठेवून सगळे घरी जातात आणि पाणी तिथेच राहते. फुलदाणी वाळूने गच्च भरा आणि वाळू ओली करून त्यात देठ खोचा. फुले टिकतात, अळ्या होत नाहीत. नाताळचा गोठा उतरवल्यावर भिजलेले गवत कोपऱ्यात ढिगाने टाकू नका. त्यात झुरळे आणि उंदीर घर करतात.

झुरळांवर कोणता उपाय कमी क्रूर आणि जास्त खात्रीचा?

जेल. स्वयंपाकघरातली लहान, पिवळट, पाठीवर दोन काळ्या रेघांची ती जर्मन झुरळे. बाथरूमच्या जाळीतून येणारी मोठी लालसर ती अमेरिकन. जेल मुख्यतः पहिल्यासाठी. बाजारात इमिडाक्लोप्रिड २.१५ टक्के किंवा फिप्रोनिल ०.०५ टक्के असलेले जेल मिळते. मसुराच्या दाण्याएवढे ठिपके द्यायचे: कपाटाच्या बिजागरीजवळ, सिंकच्या खाली, फ्रिजच्या मोटरमागे, गॅसच्या शेगडीखाली. साधारण स्वयंपाकघराला १५ ते २५ ठिपके पुरतात. एक मोठा गोळा ठेवण्यापेक्षा अनेक लहान ठिपके कामाचे, कारण झुरळ लांब जाऊन खात नाही.

आठवड्याभरात फरक दिसत नसेल तर कारण बहुधा एकच: जेल लावल्यावर कोणीतरी तिथेच स्प्रे मारला किंवा फिनेलने पुसले. वास लागला की झुरळे जेलला तोंड लावत नाहीत. रात्री ओटा ओला आणि खरकटे उघडे राहिले तरी तोच परिणाम. पोळीचा तुकडा जेलपेक्षा चवदार असतो. जर्मन झुरळाची मादी ३० ते ४० अंड्यांची पिशवी पोटामागे धरून हिंडते. म्हणून दोन-तीन आठवड्यांनी ठिपके पुन्हा द्यावेत.

बोरिक पावडर, कणीक आणि साखर दुधात मळून केलेल्या गोळ्याही चालतात, पण पावडर जास्त झाली की झुरळे त्या टाळतात. रांगते मूल असेल तर या गोळ्या आणि जमिनीवर ओढायचा कीटकनाशक खडू घरात नको. मूल खडू तोंडात घालते.

मोठ्या झुरळांसाठी मोरीला बारीक जाळी लावा, पाइपभोवतीच्या फटी सिमेंटने बुजवा. येणेच थांबले की मारण्याचा प्रश्न उरत नाही.

घरात ढेकूण झालेत. शेजाऱ्यांना सांगायलाच हवे का?

हो. ढेकूण अस्वच्छतेमुळे होतात हा गैरसमज आहे. ते प्रवासाच्या बॅगेतून, जुन्या फर्निचरमधून येतात. पण लाजेपोटी लपवले तर भिंतीच्या फटीतून, वायरच्या पाइपातून शेजारी जातात. चाळीत किंवा गावठाणातल्या एकाला एक लागून असलेल्या घरांत तर फारच लवकर. एकाच घरात औषध मारून उपयोग होत नाही, शेजारची घरेही त्याच दिवशी बघावी लागतात.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे ढेकूण लागलेली गादी किंवा सोफा ‘दान’ म्हणून वॉचमनला किंवा कामवाल्या ताईंना देणे. आपली पीडा गरिबाच्या गळ्यात बांधून वर दानाचे समाधान मिळवणे हा सरळ अन्याय आहे. ढेकूण मारल्याचे पापनिवेदन करायची गरज नाही. याचे करावे. तशी गादी फाडून, प्लास्टिकमध्ये बांधून, वर ‘ढेकूण आहेत’ असे लिहून कचऱ्यात द्या.

उपाय: चादरी, उशांचे अभ्रे, कपडे ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवा. ५० अंशांच्या वर ढेकूण आणि अंडी दोन्ही मरतात. लाकडी खाटेच्या सांध्यांत उकळते पाणी किंवा वाफ सावकाश फिरवा. भरभर फिरवली तर आतपर्यंत उष्णता पोचत नाही. गादीला नुसते ऊन दाखवून भागत नाही, आतला कापूस पुरेसा तापत नाही. अंडी ६ ते १० दिवसांत फुटतात, म्हणून पहिल्या फेरीनंतर १० ते १४ दिवसांनी दुसरी फेरी हवीच. ती टाळली की ‘औषध भेसळीचे निघाले’ म्हणतात. खरे म्हणजे अंडी शिल्लक राहिलेली असतात. खाटेवर रॉकेल ओतू नका, आग लागते.

पेस्ट कंट्रोल करून घेताना कोणती जबाबदारी आपली?

पाचवी आज्ञा खऱ्या अर्थाने लागू होते ती इथे. धान्य साठवणीतल्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या काही जण ढेकणांसाठी किंवा उंदरांसाठी खोलीत ठेवतात. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो. तो फटींतून वरच्या, बाजूच्या घरांत शिरतो आणि त्यावर उतारा नाही. या गोळ्यांची विक्री आणि वापर भारतात निर्बंधित आहे. हे घरात वापरायचे औषधच नव्हे. कोणी ‘स्वस्तात, एकाच रात्रीत साफ’ म्हणत त्या आणल्या तर दारातूनच परत पाठवा. इथे माणूस मरतो, आणि ‘मला फक्त ढेकूण मारायचे होते’ ही सबब पुरत नाही.

फवारणी करायला येणाऱ्या मुलाकडे मास्क, हातमोजे, बूट आहेत का ते बघा. नसतील तर काम थांबवा. त्याने ‘सवय आहे’ म्हटले तरी थांबवा. औषधाचे नाव आणि प्रमाण विचारून लिहून ठेवा, परवानाधारक संस्थाच बोलवा. शेजाऱ्यांना आदल्या दिवशी कळवा. भांडी, पिण्याचे पाणी, मुलांची खेळणी झाका. माशांची टाकी बाहेर काढा किंवा झाकून पंप बंद ठेवा, कारण पायरेथ्रॉइड गटातली औषधे माशांना फार विषारी असतात. मांजर असेल तर परमेथ्रिन हे त्याच गटातले औषध टाळा. गरोदर बाई, दम्याचा रुग्ण, तान्हे मूल घरात असेल तर जेल आणि फटी बुजवणे एवढ्यावरच भागवता येते का, ते आधी बघा.

सोसायटीत जैन शेजारी आहेत. त्यांना आमचे औषध मारणे रुचत नाही.

त्यांची अहिंसा आपल्या शिकवणुकीपेक्षा पुढे जाते, पण तिचा आदर करणे आपल्याला सांगितलेले आहे. १९६५ च्या ‘नोस्त्रा एताते’ या जाहीरनाम्यात इतर धर्मांतले जे सत्य आणि पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही, असे म्हटले आहे. व्यवहारात दोघांचे बरेच जुळते: टाकीचे झाकण, जाळ्या, फटी, कोरडा दिवस यांना कोणाचाच विरोध नसतो. सोसायटीच्या बैठकीत आधी हा खर्च मंजूर करून घ्या. सामाईक जिन्यात फवारणी अटळ झाली तर दिवस आणि वेळ शेजाऱ्यांशी बोलून ठरवा. चातुर्मासात जरा जास्तच जपून.

खिडकीवर मधमाश्यांचे पोळे आहे. जाळून टाकावे का?

जाळू नका. पास्काच्या (ईस्टरच्या) रात्री मोठ्या मेणबत्तीपुढे गायल्या जाणाऱ्या स्तोत्रात मधमाश्यांच्या कामाचा कृतज्ञतेने उल्लेख होतो. ती मेणबत्ती त्यांच्याच मेणाची मानतात. लहान पोळे असेल तर जाणकार माणूस ते संध्याकाळी माश्यांसकट हलवू शकतो. आग्या मोहोळ धोक्याचे असते, त्याच्याजवळ फटाके, धूर, दगड काही नको. अनुभवी माणूस येईपर्यंत खिडक्या बंद ठेवा. पाल आणि कोळी यांनाही शक्यतो राहू द्या, ते तुमचेच डास खातात.

वाळवीने आजोबांच्या काळची लाकडी मूर्ती पोखरली. औषध मारले तर अनादर होतो का?

मुळीच नाही. पोकळ जागी बारीक छिद्रातून सिरिंजने वाळवीचे औषध सोडा आणि मूर्ती भिंतीपासून चार बोटे दूर ठेवा. वाळवी भिंतीतून मातीच्या नळ्या करून येते. मूळ तिथे आहे, मूर्तीत नाही. मूर्ती वाचण्यापलीकडे गेली असेल तर कचऱ्यात टाकू नये. आशीर्वादित वस्तू जाळून राख मातीत मिसळतात किंवा तशीच पुरतात.

कीटक जावेत म्हणून प्रार्थना करता येते का?

येते, आणि ती जुनी आहे. जुन्या रोमन विधिग्रंथात उंदीर, टोळ, अळ्या आणि इतर उपद्रवी जिवांविरुद्ध खास आशीर्वाद आहे. बायबलातल्या निर्गमच्या आठव्या अध्यायात मोशेच्या विनंतीवरून देवाने गोमाशा हटवल्या.

मुंबईत याची खूण उघड्यावर उभी आहे. १८९६ मध्ये प्लेग आला तेव्हा वांद्र्याच्या, गिरगावच्या वस्त्यांत लोकांनी क्रूस उभारले, त्यांपुढे जपमाळ म्हटली. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखवले. त्या क्रुसाला हार घालताना पायथ्याचा कचरा आणि साचलेले पाणीही काढावे. पूर्वजांनी तिथे मागितले ते हेच होते.

मुलगा इलेक्ट्रिक रॅकेटने डास मारताना ‘तडतड’ आवाजाला हसतो. रागवावे का?

डास मारल्याबद्दल नको. पण पतंग पकडून मुद्दाम जाळीवर धरत असेल, मुंगीचे पाय तोडत असेल तर तिथेच थांबवा. अक्वायनस सांगतात की जो प्राण्यांवर दया करायला शिकतो तो माणसांवर दया करायला तयार होतो, आणि उलटेही तितकेच खरे. ‘डास मार, खेळू नको’ एवढे वाक्य पुरते.

मग पापनिवेदनात हे सांगायचे की नाही?

घरचे कीटक मारले म्हणून नाही. मुंगी पायाखाली आली म्हणून तर नाहीच. गंभीर पापाला तीन गोष्टी लागतात: बाब गंभीर, पूर्ण जाणीव, मनापासून संमती. इथे पहिलीच नाही. प्रत्येक डासागणिक मन खात असेल तर फादरांशी एकदा मोकळेपणाने बोला आणि त्यांचा शब्द माना. जाणूनबुजून छळ केला असेल, किंवा बेफिकिरीने कोणाला विषबाधा होण्याची वेळ आणली असेल, तर मात्र सांगा.

मिस्साच्या वेळी पेल्यात माशी पडली तर?

१५७० च्या मिस्साग्रंथापासून यासाठी लेखी नियम होते. अभिषेकापूर्वी, म्हणजे द्राक्षारस ख्रिस्ताचे रक्त होण्याआधी, पडली तर द्राक्षारस योग्य जागी ओतून नवा घ्यायचा. अभिषेकानंतर पडली आणि धर्मगुरूला किळस किंवा धोका वाटला तर माशी बाहेर काढायची, द्राक्षारसाने धुवायची, मिस्सा संपल्यावर जाळायची आणि राख धुतलेल्या द्राक्षारसासह सॅक्रेरियममध्ये सोडायची. म्हणून पेल्यावर पाल्ला हे चौकोनी झाकण असते. पावसाळ्यात वेदीवर सेवा करणाऱ्या मुलांनी ते पुन्हा वर ठेवायला विसरू नये.